करवतीसोबत काढलेला फोटो

खोड एवढं रुंद, की दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं एकमेकांना दिसणार नाहीत. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर खोडात खाचा पाडून फळ्या खोवल्या आहेत आणि त्या फळ्यांवर दोघं तोल सावरून उभे आहेत. कुऱ्हाडीने कोरलेल्या मोठ्या खाचेत तिसरा माणूस चक्क आडवा झाला आहे. आणि सगळ्यांच्या पुढे, कॅमेऱ्याकडे दात करून, माणसाहून लांब करवत.

अमेरिकेच्या वायव्येला, वॉशिंग्टन राज्यात, डेरियस किन्सी या फोटोग्राफरने असे असंख्य फोटो घेतले. आज त्यांचा मोठा संग्रह बेलिंगहॅमच्या व्हॉटकॉम म्युझियममध्ये आहे. ते पाहताना नजर आधी झाडावर जाते आणि मग करवतीवर खिळते. तिला इतकी मानाची जागा का मिळाली? कारण फोटोत उभा असलेला मजूरच त्या फोटोचं गिऱ्हाईक होता. लाकूडकाम करणाऱ्यांचे जुने फोटो पाहताना पहिला प्रश्न हाच विचारावा असं मला वाटतं: याचे पैसे कोणी दिले? करवत कोणाच्या हातात, कशी आणि कोणासाठी धरली आहे, हे त्या उत्तरावर ठरतं.

स्टुडिओत आलेले सुतार

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची प्रक्रिया जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटू लागलं. दहा-बारा वर्षांत अमेरिकेच्या गावोगावी स्टुडिओ निघाले आणि तिथे कारागीर आपापली अवजारं घेऊन जाऊ लागले. लोहार हातोडा घेऊन गेला, चांभार जोडा घेऊन. सुतार बहुधा करवत, रंधा किंवा गुण्या घेऊन बसले. अंगावर कधी कामाचे कपडे, कधी ठेवणीतला कोट, पण करवत मात्र हातात हवीच.

प्रकाशाला पत्र्यावर ठसा उमटवायला वेळ लागे, म्हणून बसणाऱ्याला कित्येक सेकंद हलता येत नसे. डोकं स्थिर राहावं यासाठी मागे लोखंडी टेकू असे. चालती करवत टिपणं शक्यच नव्हतं. त्यामुळे या फोटोंत काम दिसत नाही, कामाचा अभिमान दिसतो. करवत मांडीवर आडवी असते किंवा छातीशी उभी, आणि मुठीवर बोटं घट्ट.

या चित्रांत डावं-उजवं उलटं उमटे. म्हणून उजव्या हाताचा सुतार डावखुरा भासतो आणि पात्यावर अक्षरं असली तर तीही उलटी दिसतात. १८५६ साली हॅमिल्टन स्मिथने लोखंडी पत्र्यावरच्या फोटोचं पेटंट घेतलं. तो पत्राही चित्र उलटंच दाखवी, पण इतका स्वस्त होता, की रोजंदारीवरच्या माणसालाही परवडू लागला.

फोटोवर तारीख नसली तरी करवत काही सांगते. हेन्री डिस्टन हा इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरीत १८१९ साली जन्मलेला मुलगा १८३३ मध्ये फिलाडेल्फियाला आला आणि १८४० मध्ये त्याने स्वतःचा करवतींचा कारखाना काढला. शेफील्डच्या पोलादावर अवलंबून राहायला नको म्हणून १८५५ च्या सुमारास तो स्वतःच पोलाद वितळवू लागला. १८७४ मध्ये त्याने पाठ किंचित आत वळलेल्या हातकरवतीचं पेटंट घेतलं. पातं हलकं झालं, हाताला मानवलं आणि सगळीकडे पसरलं. अनामिक सुताराच्या हातात अशी वळलेल्या पाठीची करवत दिसली, तर तो फोटो त्या सुमाराचा किंवा नंतरचा असं धरता येतं. माणसाचं नाव हरवलं, पण त्याच्या अवजाराने त्याचा काळ सांभाळून ठेवला.

डेरियस आणि तबिथा

किन्सीचा जन्म १८६९ चा, मिसूरी राज्यातला. तरुणपणी तो वॉशिंग्टनला आला, फोटोग्राफी शिकला आणि १८९६ साली तबिथा प्रिट्सशी त्याचं लग्न झालं. सेड्रो-वूली या लाकूडतोडीच्या गावात दोघांनी स्टुडिओ मांडला आणि १९०६ मध्ये ते सिएटलला गेले. डेरियस अवजड कॅमेरा, तिकाटणं आणि चित्र उमटवायच्या काचा घेऊन जंगलातल्या छावण्यांवर जाई. काचा धुणं, फोटो छापणं आणि ते रवाना करणं हे तबिथाच्या अंधाऱ्या खोलीत चाले. हे फोटो तिच्याही हातून गेले आहेत. तिचं नाव त्याच्या नावाशेजारीच घ्यायला हवं.

व्यवहार सरळ होता. छावणीवर फोटो घ्यायचा, मजुरांकडून मागणी घ्यायची आणि प्रती पोचवायच्या. मजूर त्या आई-वडिलांना, दूरच्या नातलगांना पाठवत. काचा ११ बाय १४ इंचांच्या, कधी त्याहून मोठ्या. म्हणूनच तपशील इतका बारीक आहे, की बुटांचे खिळे आणि करवतीचे दात वेगवेगळे दिसतात.

खोडावर इतक्या उंच चढायचं कशाला? डग्लस फर आणि लाल देवदार यांचा बुंधा जमिनीलगत फुगलेला आणि डिंकाने भरलेला असे. वर चढलं की खोड अरुंद होई आणि करवत अडकत नसे. फळीच्या टोकाला लोखंडी ओठ असे आणि माणसाच्या वजनानेच तो खाचेत रुते. झाड ज्या बाजूला पाडायचं तिकडे कुऱ्हाडीने खाच आणि मागच्या बाजूने करवत, ही रीत १८८० च्या दशकात रुळली. त्याआधी उभं झाड कुऱ्हाडीनेच पाडत.

ही करवत फक्त ओढायची. एकाने ओढली की दुसऱ्याने हात सैल सोडायचा. ढकललं तर पातळ पातं वाकतं आणि जोडीदाराचा दम जातो. दोघांची लय जुळणं हेच खरं कौशल्य. पात्यात काही दात तंतू कापणारे आणि मधले दात कापलेला चुरा खरवडून बाहेर आणणारे. धार चांगली असेल तर भुश्याऐवजी लांब दोरे निघत. डिंकाने पातं चिकटू नये म्हणून रॉकेलची बाटली आकडा लावून झाडाच्या सालीत अडकवलेली असे. काही फोटोंत ती बाटलीही दिसते. छावणीत करवतींना धार लावणाऱ्याचा मान मोठा होता, कारण कानस नीट चालली नाही तर दिवसभराचे घामाचे कष्ट वाया जात.

दुसऱ्याच्या अल्बमातले कारागीर

आता जपानमधल्या योकोहामाकडे पाहू. फेलिचे बेआतो हा फोटोग्राफर तिथे १८६३ मध्ये पोचला आणि पुढे कुसाकाबे किंबेई यांच्यासारख्या जपानी फोटोग्राफरांनी फोटो-अल्बमांचा धंदा भरभराटीला आणला. हाताने रंगवलेल्या त्या अल्बमांत रुंद पात्याच्या करवतीने तुळई चिरणारे कारागीर येतात. चित्रं देखणी आहेत. पण गिऱ्हाईक होतं परदेशी प्रवासी. कारागीर बहुधा ठरवून बसवलेला, काम करत असल्याचा आविर्भाव करणारा. त्याच्या घरी त्यातली प्रत क्वचितच गेली असेल.

मुंबईतही फोटोग्राफी लवकर आली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो घेऊन १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले. त्यात वेगळ्या घेतलेल्या माणसांच्या आकृती वेगळ्याच दृश्यांवर बसवलेल्या होत्या. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. या सगळ्या खटाटोपात माणूस आला तो जातीचा, धंद्याचा नमुना म्हणून. खाली बसून, लाकूड पायाने दाबून, करवत आपल्याकडे ओढत कापणारा आपला सुतार पाश्चात्त्यांना नवलाचा वाटला. वास्तविक ओढून कापताना पातं ताणलेलं राहतं, म्हणून ते पातळ ठेवता येतं. ढकलून कापायचं तर ते जाड आणि ताठ लागतं. जपानी कारागीरही ओढूनच कापतो. त्या बसण्यामागे पिढ्यांची समज होती, पण ती ते खंड काढणाऱ्यांना दिसली नाही.

फोटोबाहेरचं

किन्सीच्या फोटोंनाही मर्यादा आहेत. ते जंगल तिथल्या मूळ कोस्ट सॅलिश लोकांचं. देवदाराच्या खोडाची होडी, फळ्यांची घरं आणि सालीची वस्त्रं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली. शेकडो वर्षं वाढलेली ती झाडं एका पिढीच्या हयातीत आडवी झाली. फोटोत हसणाऱ्या मजुरांना अंथरूण स्वतःच्या पाठीवर वाहून न्यावं लागे. कामाचे तास दहा आणि अपघात नेहमीचे. १९१७ मध्ये या भागातले लाकूडतोडे संपावर गेले आणि १९१८ च्या मार्चमध्ये आठ तासांचा दिवस मान्य झाला. यातलं काहीच त्या फोटोंत नाही, कारण घरी पाठवायच्या फोटोत दुःख कोण दाखवतं? तरीही काय दाखवायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं, आणि हा हक्क मला फार मोलाचा वाटतो.

१९४० मध्ये किन्सी एका बुंध्यावरून पडला आणि त्याचं फोटो काढणं थांबलं. १९४५ मध्ये तो गेला. त्याच सुमारास यांत्रिक करवती आल्या आणि दोघांनी मिळून ओढायची करवत मागे पडली. फोटो राहिले, पण त्यातल्या कितीतरी चेहऱ्यांची नावं आज कोणालाच ठाऊक नाहीत.

आपल्याकडे खंडेनवमीला करवत, रंधा, पटाशी, वाकस मांडून पूजा होते. अवजाराचा एवढा मान राखणाऱ्या समाजात ते हाती धरणाऱ्याचा, त्याच्या मर्जीने काढलेला फोटो मात्र किती घरांत असेल? आज फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. गावातल्या सुताराला विचारा, कोणतं अवजार घेऊन उभं राहायचं ते त्याला ठरवू द्या, एक छापील प्रत त्याच्या हातात द्या आणि मागे त्याचं नाव, गाव आणि साल लिहा. कपाटातल्या जुन्या अल्बमात असा कोणी अनोळखी कारागीर असेल, तर ज्येष्ठ माणसं हयात आहेत तोवर त्याचं नाव विचारून घ्या.