तांबे की ‘टॉम्बे’?

११ ऑक्टोबर २०२४ ला उलव्याच्या नव्या धावपट्टीवर हवाई दलाचं सी-२९५ विमान पहिल्यांदा उतरलं आणि आकाशातून सुखोई-३० सुसाट गेलं. त्या दिवसाचे व्हिडिओ तुमच्यापैकी कित्येकांच्या फोनमध्ये अजून असतील. आज मात्र एका जुन्या सुखोईची आणि ते चालवणाऱ्या पायलटची गोष्ट वाचा.

साल १९७१. सिडको स्थापन होऊन दीडएक वर्ष झालेलं, आपली नवी मुंबई अजून कागदावरच. ३ डिसेंबरला भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ३२ स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ उडवायचे. हे फायटर-बॉम्बर, म्हणजे जमिनीवरच्या लक्ष्यांवर बॉम्ब आणि रॉकेट टाकणारं विमान. कॅनबेरासारख्या बॉम्बरमध्ये पायलटच्या सोबतीला नेव्हिगेटर असायचा. सुखोई-७ मध्ये सीट एकच. वाट शोधायची, खाली झेपावायचं, बॉम्ब टाकायचे आणि परत फिरायचं, सगळं एकट्यानेच. खाली आलं की विमानविरोधी तोफांचा मारा ठरलेला.

पाकिस्तानातल्या शोरकोट तळावरच्या हल्ल्यात तांबेंचं विमान पडलं. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी.

इथे गोष्ट संपली असती. पण त्याच डिसेंबरात ‘संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात पाच भारतीय पायलट जिवंत पकडल्याची बातमी आली. त्यात एक नाव होतं, फ्लाइट लेफ्टनंट ‘टॉम्बे’. आता तुम्हीच सांगा, घरच्यांनी हे नाव कसं वाचलं असेल?

१९४९ चा जिनिव्हा करार सांगतो की, लढाई थांबली की युद्धकैद्यांना विनाविलंब सोडायचं. आपण सुमारे ९३ हजार कैदी परत पाठवले. तिकडून आपले सहाशेहून अधिक जण आले. त्यांत तांबे नव्हते. १९७९ मध्ये सरकारने लोकसभेत ४० बेपत्ता जवान-अधिकाऱ्यांची यादी दिली. पुढे हा आकडा ५४ झाला आणि ‘मिसिंग ५४’ हे नाव पडलं. कॅनबेराचे पायलट सॅसून आणि नेव्हिगेटर अडवाणीही त्याच यादीत आहेत.

१९८३ मध्ये काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊन आले. २००७ मध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, त्यांत दमयंती तांबेही होत्या. हाती काहीच लागलं नाही. असे कैदी आमच्याकडे नाहीतच, हे पाकिस्तानचं उत्तर कायम आहे.

तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांनी काय उरलंय? कायद्याचं म्हणणं सोपं आहे: सात वर्षं एखाद्याचा ठावठिकाणा नसेल, तर तो मृत मानता येतो. फॉर्म भरता येतो, फाइल बंद होते. पण ज्या घरात मृतदेह आला नाही, शेवटचं पत्र आलं नाही, तिथे तेरावं कधी घालायचं? दमयंती तांबेंनी दुसरं लग्न केलं नाही. दिल्लीत जेएनयूच्या क्रीडा विभागात नोकरी करत त्या सरकारदरबारी विचारत राहिल्या.

आपल्याकडे शहीद म्हटलं की चौक, पुतळा, डीपी आणि स्टेटस ठरलेलं. बेपत्ता माणसाच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. त्याच्याबद्दल बोलताना ‘होते’ म्हणायचं की ‘आहेत’, इथूनच अडतं. या लेखात मी ‘उडवायचे’ लिहिलं, कारण ते १९७१ बद्दल होतं. त्यानंतरच्या त्यांच्या आयुष्याला कुठला काळ लावायचा, हे ठरवायला पुरावा लागतो. या ५४ घरांनी आजवर मागितलंय ते एवढंच.