गाजर गवतावरचा तांबेरा: पसरतो कसा, उपयोगी किती?

गव्हाच्या बांधावरील गाजर गवताच्या पानांवर तपकिरी पुळ्या दिसल्या, तर पहिली शंका येते: हा तांबेरा गव्हावर येईल का? येणार नाही. गव्हावरचा तांबेरा आणि गाजर गवतावरचा तांबेरा (पक्सिनिया अब्रप्टा) या नात्यातल्या पण वेगवेगळ्या बुरशी आहेत. त्यासाठी गव्हावर बुरशीनाशक फवारू नका.

ही बुरशी मूळची मेक्सिकोची, तणाच्याच मायदेशातली. पुळी फुटली की तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर उडतात. पानावर पडलेल्या बीजाणूला रुजायला पाणी लागते. पाऊसच हवा असे नाही, दव पुरते. पण ते पानावर कित्येक तास टिकले पाहिजे आणि रात्र थंड, साधारण १५ अंशांच्या आसपास हवी. मग बीजाणूतून बारीक तंतू निघतो, पर्णरंध्र शोधतो आणि तिथून आत शिरतो. आत तो पेशींना लगेच मारत नाही, त्यांचे अन्न शोषतो. दहा-पंधरा दिवसांत पानाची साल फाटून नवी पुळी येते आणि पुढची फेरी सुरू होते. सकाळी उन्हाने दव लवकर सुकले, तर ही साखळी तिथेच तुटते.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये १९९१ साली ही बुरशी मुद्दाम सोडण्यात आली. तांबेऱ्याने झाड खुरटते, फुले-बिया कमी येतात. पण बहुतेक झाडे मरत नाहीत. आपल्याकडे अडचण आणखी मोठी. पुण्यात १९५५ मध्ये नोंद झालेले हे तण जोमाने वाढते पावसाळ्यात, तेव्हा रात्री इतक्या थंड नसतात. थंडी पडेपर्यंत बहुतेक झाडांनी बी टाकलेले असते.

आणखी एक. तांबेरा जिवंत झाडावरच जगतो. ट्रायकोडर्मासारखा तो धान्यावर वाढवून पाकिटात भरता येत नाही. गाजर गवतासाठी 'तांबेऱ्याची पावडर' कोणी विकू लागला, तर पैसे देऊ नका.

तेव्हा भरवसा उपटण्यावरच ठेवा: पाऊस पडून जमीन ओली असताना, फुले येण्याआधी, हातमोजे घालून. एक झाड हजारो बिया टाकते. १९८४ च्या सुमारास मेक्सिकोतून भारतात आणलेले झायगोग्रामा भुंगेरे मात्र आपल्या पावसाळ्यात चांगले काम करतात. पडीक जागेत ते पाने खाताना दिसले, तर तिथे कीटकनाशक मारू नका.