भागाकाराने रोध, गुणाकाराने शक्ती

पाणी तापविण्याच्या गीझरवर निर्मात्याने बसविलेल्या लहानशा पाटीवर ‘२३० व्होल्ट, २००० वॅट’ अशी जी नोंद असते, ती बहुतेक घरांत खरेदीच्या दिवशी एकदा वाचली जाते आणि पुढे तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक प्राथमिक शाळेतल्या गणिताच्या भांडवलावर त्या नोंदीतून उपकरणाचा सारा अंतःस्वभाव उलगडता येतो. शक्तीला (वॅट) विद्युतदाबाने (व्होल्ट) भागले की प्रवाह मिळतो, सुमारे ८.७ अँपिअर, आणि दाबाला त्या प्रवाहाने भागले की आतील तारेचा रोध मिळतो, सुमारे २६.५ ओहम. पाच अँपिअरच्या लहान प्लगवर हा गीझर का चालवू नये, याचा खुलासा पहिल्या भागाकारातच झालेला आहे.

कोणत्याही दोन संख्यांचा भागाकार करता येतो, परंतु तो अर्थपूर्ण ठरावयाचा तर दाब बदलला असताही उत्तर तेच राहिले पाहिजे. आणि ते तसे राहते, हे सिद्ध करण्याचे श्रेय गेओर्ग सायमन ओहम या जर्मन शिक्षकाकडे जाते. १७८९ साली एर्लांगेन येथे एका कुलूपकाराच्या घरी जन्मलेला हा मनुष्य कोलोनच्या शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि अध्यापनातून उरलेल्या वेळात निरनिराळ्या लांबीच्या तारांतून किती वीज वाहते याची मोजदाद करीत असे. त्याच्यापुढील मुख्य अडचण अशी होती, की व्होल्टाच्या पद्धतीच्या विद्युतघटाचा जोर मोजमाप चालू असतानाच ओसरत जाई, आणि मग प्रवाह तारेमुळे घटला की घटामुळे, याचा निवाडा करणे अशक्य होई. पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने सुचविल्यावरून त्याने तो घट बाजूस ठेवला, बिस्मथ व तांबे या धातूंचे दोन सांधे जुळविले, एक उकळत्या पाण्याच्या उष्णतेत व दुसरा वितळत्या बर्फात ठेवला. आणि पाणी उकळत आहे व बर्फ वितळत आहे तोवर दोहोंच्या तापमानातील अंतर बदलत नसल्यामुळे त्याला अखेर अढळ असा विद्युतदाब लाभला. टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून प्रवाह मोजून त्याने जो नियम बसविला, तो १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाची विद्वानांनी व्हावी तशी कदर केली नाही. ओहमने कोलोनची नोकरी सोडली, पुढील कित्येक वर्षे हलाखीत काढली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कोप्ली पदक दिले आणि म्युनिकच्या विद्यापीठातील प्राध्यापकपद तर मृत्यूपूर्वी अवघी दोन वर्षे, १८५२ साली, त्याच्या वाट्यास आले. इतक्या निष्ठेने केलेल्या कामाला इतका विलंब लागावा, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

दाब व प्रवाह या त्याच दोन राशींचा भागाकार न करता गुणाकार केला, तर उत्तर येते ते शक्तीचे, म्हणजे दर सेकंदाला खर्ची पडणाऱ्या ऊर्जेचे. इंग्लंडमधील जेम्स जूल याने १८४१ साली दाखवून दिले, की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या वर्गाचा प्रत्यय सायंकाळी दाब उतरला की ज्याला त्याला येतो: आपल्या गीझरला २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर प्रवाह ६.८ अँपिअरवर येतो आणि शक्ती उरते केवळ सुमारे १२२५ वॅट. दाब पंचमांशाहून थोडा अधिक घटला, परंतु पाणी तापविण्याचे सामर्थ्य जवळजवळ दोन पंचमांशांनी गेले. खोपोलीची जलविद्युत १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची झाली, तेव्हा ती उच्च दाबाने का न्यावी लागली, याचेही कारण हेच. दाब दहापट केला की तीच शक्ती दशांश प्रवाहात वाहून नेता येते आणि तारांतील उष्णतेपायी होणारी तूट शतांशावर येते.

मात्र पंखा किंवा विहिरीवरील पंप यांना हा सरळ गुणाकार लावू नये, कारण मोटारीत दाब व प्रवाह यांची भरती एकाच क्षणी येत नाही, आणि प्रत्यक्ष शक्ती गुणाकाराहून कमी भरते.

जुन्या तारेच्या दिव्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. साठ वॅटच्या दिव्याचा रोध हिशेबाने ८८० ओहमच्या आसपास येतो. पण तोच दिवा काढून थंड स्थितीत मल्टीमीटरला लावला, तर काटा साठ-सत्तर ओहमच दाखवितो. येथे ओहमचा नियम खोटा पडला असे नाही. तापमान कायम असावे ही त्या नियमाची अट आहे, आणि टंगस्टनची तार दिवा लागताच अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचते. बटण दाबण्याच्या पहिल्या क्षणी मात्र ती थंडच असते, त्यामुळे पाव अँपिअरवर चालणाऱ्या दिव्यातून त्या क्षणापुरता तीन-साडेतीन अँपिअर प्रवाह धावतो, आणि झिजून बारीक झालेली तार बहुधा नेमकी तेव्हाच तुटते.