उतरण, पूल आणि जुने स्थानक

सिन्नरहून रेल्वेने मुंबईला जायचे, तर आपण नाशिकरोडला गाडी पकडतो. पंचवटी एक्सप्रेसने गेलो तर उतरतो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आखलेली ही दगडी इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

आता दुसरी बाजू पाहा. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो, की रेल्वे स्थानके सर्वांना वापरता आली पाहिजेत. मग वारशाला धक्का न लावता चाकाची खुर्ची आत कशी न्यायची?

येथे आपल्या ओळखीचे साधे यंत्र मदतीला येते, ते म्हणजे उतरण. समजा, चार पायऱ्या मिळून ६० सेंटिमीटर उंची आहे, आणि खुर्ची व माणूस मिळून वजन ८४ किलोग्रॅम आहे. खुर्ची सरळ उचलायची तर ८४ किलोग्रॅमचा भार पेलावा लागेल. पण १२ मीटर लांबीमागे १ मीटर चढ ठेवला, तर घर्षण सोडून सुमारे ७ किलोग्रॅम भाराइतकेच बल पुरते. काम मात्र तेवढेच होते. बल बारापट घटले, म्हणून अंतर बारापट वाढले! उतरण ७.२ मीटर लांब हवी. जागा वाचवायला ती निम्मी केली, तर बल दुप्पट लागेल आणि उतरताना खुर्ची आवरणे कठीण जाईल.

फलाट बदलताना काय होते? नाशिकरोडला रूळ स्थानकातून आरपार जातात. म्हणून रुळांवरून पूल हवा. विजेच्या तारांमुळे तो सहा मीटरांहून उंच असतो. त्यासाठी उतरण करायची तर ७२ मीटरांहून लांब! म्हणून तेथे लिफ्टच सोयीची. टर्मिनसवर मात्र रूळ संपतात. त्यांच्या टोकाला वळसा घातला, की पायरी न चढता दुसऱ्या फलाटावर जाता येते. म्हणजे वारशाच्या इमारतीत सगळीकडे लिफ्टसाठी भिंती फोडायला नकोत. आधी मोजमाप करावे आणि मगच हातोडा उचलावा.

जेथे उतरण लागेलच, तेथे ती जुन्या दगडाला न चिकटवता सुटी उभारावी. उद्या काढली तरी दगडावर खूण राहू नये. जुन्या दर्जा भरताना सिमेंट टाळून चुना वापरावा. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती अडवते. मग ओल दगडात शिरते, सुकताना क्षारांचे स्फटिक बनतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

आता तुम्ही एक करा. शाळेच्या पायऱ्यांची एकूण उंची मोजा, तिला बाराने गुणा आणि तेवढी उतरण अंगणात मावते का ते पाहा. मग सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरापाशी जा. हे यादवकालीन मंदिर उंच जोत्यावर उभे आहे. एकाही दगडाला हात न लावता तेथे उतरण कोणत्या बाजूने नेता येईल? वहीत नकाशा काढा आणि वर्गात चर्चा करा.