गोल्फ क्लब-व्यावसायिक

गोल्फ क्लबच्या सेवेत राहून सभासदांना खेळ शिकविणारा, त्यांचे साहित्य दुरुस्त करून देणारा व विकणारा आणि क्लबच्या स्पर्धांची व्यवस्था पाहणारा खेळाडू. केवळ स्पर्धांतील पारितोषिकांवर उपजीविका करणाऱ्या खेळाडूहून तो भिन्न होय. शिकविण्याचे काम उतारवयातही करता येत असल्यामुळे एकाच क्लबात दीर्घकाळ सेवा केल्याची उदाहरणे या व्यवसायात पुष्कळ आढळतात.

या पेशाचा उगम स्कॉटलंडमध्ये झाला. सेंट अँड्रूझ येथील ॲलन रॉबर्टसन (१८१५–५९) हा पिसे भरलेले चेंडू तयार करी व पैजेचे सामनेही खेळे. त्याच्या हाताखाली शिकलेल्या टॉम मॉरिसने प्रथम प्रेस्टविक येथे व नंतर सेंट अँड्रूझ येथे १९०३ पर्यंत मैदानाची देखभाल केली आणि ब्रिटिश खुली स्पर्धा चार वेळा (१८६१, १८६२, १८६४ व १८६७) जिंकली. व्यावसायिकांची संघटना ब्रिटनमध्ये १९०१ मध्ये, तर अमेरिकेत १९१६ मध्ये स्थापन झाली.

कौशल्यात सभासदांहून श्रेष्ठ असूनही व्यावसायिकाची गणना नोकरांतच होई. क्लबच्या मुख्य वास्तूत त्यास सहसा प्रवेश नसे. १९२० च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या वेळी टोलीडो येथील इन्व्हर्नेस क्लबने आपली वास्तू व्यावसायिकांना खुली केली. कृतज्ञता म्हणून त्यांनी क्लबला एक मोठे घड्याळ भेट दिले. वर्णभेद मात्र पुढेही टिकून राहिला. सदस्यत्व गौरवर्णीयांपुरते मर्यादित ठेवणारे अमेरिकन संघटनेचे कलम १९६१ मध्ये रद्द झाले.

अन्य खेळांतील नामवंतही या व्यवसायाकडे वळले. अमेरिकेचा एल्सवर्थ व्हाइन्स (१९११–९४) विद्यापीठात बास्केटबॉल खेळत असे. टेनिसमध्ये त्याने १९३१ व १९३२ मध्ये अमेरिकन, तर १९३२ मध्ये विंबल्डन अजिंक्यपद मिळविले. १९४२ पासून तो व्यावसायिक गोल्फकडे वळला. १९५१ मध्ये व्यावसायिक संघटनेच्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठून त्याने पुढे क्लबांतून अध्यापन केले.

महाराष्ट्रात क्लब व पगारी खेळाडू यांच्यातील याच नात्याचे ठळक उदाहरण क्रिकेटमध्ये आढळते. पाळवणकर बाळू (मृ. १९५५) हे पुण्यातील यूरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखीत व सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. तथापि चर्मकार समाजात जन्मल्यामुळे पुण्यात स्वतःच्या हिंदू सहकाऱ्यांबरोबर खेळतानाही त्यांना चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यातून दिला जाई. मैदानात हवा असलेला खेळाडू पंगतीत नको, हा प्रकार एका खेळापुरता वा एका देशापुरता नव्हता.

भारतात गोल्फ क्लबांची परंपरा जुनी असून कलकत्त्याचा क्लब १८२९ मध्ये व मुंबईचा १८४२ मध्ये स्थापन झाला. येथील अनेक व्यावसायिक कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारे मदतनीस, या वर्गातून पुढे आले. सभासदांचे फटके पाहत ते खेळ शिकले. दिल्लीचा अली शेर हा यांपैकीच एक. १९९१ मध्ये भारतीय खुली स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक ठरला व १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. आता राष्ट्रीय गोल्फ अकादमीमार्फत प्रशिक्षकांना रीतसर शिक्षण व प्रमाणपत्र दिले जाते. त्यामुळे क्लब-व्यावसायिकास नोकराऐवजी शिक्षकाचा दर्जा प्राप्त होण्यास मदत झाली आहे.