काहिलीतला चुना

चरकातून काहिलीत पडणारा उसाचा रस मुळातच आम्लधर्मी असतो. साखरेच्या गोडीपुढे जिभेला ते जाणवत नाही इतकंच. ताज्या रसाचा सामू साधारण ५ ते ५.५ भरतो, शुद्ध पाण्याचा ७. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट होते, म्हणजे हा रस पाण्याच्या तीस ते शंभर पट आम्ल ठरतो. रसात ॲकोनिटिक हे मुख्य आम्ल, शिवाय इतर थोडीथोडी. रस गार असताना त्यांचा फारसा उपद्रव नसतो. जाळ लागला की मात्र आम्लामुळे साखरेचा रेणू फुटतो आणि त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात. या दोन्ही साखरा सहजी कण धरत नाहीत, त्यातही फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं त्याचं बीज असं काहिलीतच पडलेलं असतं. म्हणूनच कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत रस तापू लागताच गुळव्या त्यात चुन्याचं पाणी सोडतो. गुळाचा कस जाळाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या चुन्याच्या मापावर ठरतो असं मला वाटतं.

चुना पडल्यावर काय होतं ते काहिलीच्या कडेला उभं राहून नीट दिसतं. चुना अल्क आहे. तो आम्लाला मारतो आणि त्याच वेळी रसातल्या फॉस्फेटशी जुळून न विरघळणारा साका तयार करतो. हा साका रसातली बारीक घाण गुंडाळून घेतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातलेला असला तर त्याचीही मदत होते. उकळीबरोबर काळपट हिरवी मळी वर येते, झाऱ्याने ती काढत गेलं की खालचा रस उजळत जातो. ‘रसायनविरहित’ गूळ म्हणून चुनाही नको म्हणणाऱ्यांना माझं उत्तर इथेच आहे. चुना टाळला म्हणून रसायनक्रिया टळत नाही; रसातलं आम्ल आपलं काम करत राहतं. पण चुना जास्त झाला तरी वाईट. अल्कधर्मी रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तापून काळे पडतात, गूळ काळवंडतो आणि चवीलाही उतरतो. सामू सहाच्या थोडा वर राखायचा, एवढ्या अरुंद वाटेवरून हे काम चालतं.

मुरलेल्या गुळव्याला हे नजरेने कळतं, मग मोजायचं कशाला, असा आक्षेप येईल. त्या नजरेबद्दल मला आदर आहे. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळून पाहणं ही पक्की परीक्षा आहे. मात्र ती शेवटची परीक्षा. तोवर साखर फुटायची ती फुटून गेलेली असते. शिवाय माप रोज बदलतं. तोडून दोन दिवस पडलेल्या उसाचा रस ताज्यापेक्षा आंबट निघतो. उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खडूसारखा निकामी होतो, त्यामुळे कालचंच भांडं आज कमी पडतं. वरची नितळ निवळी घेतली तर एक परिणाम, ढवळून गढूळ पाणी ओतलं तर दुसराच. हळदीने तपासावं म्हटलं तर ती चुन्याने लाल होते हे खरं, पण सामू सात ओलांडल्यावर. पाच आणि सहा तिला सारखेच. इथे सामू दाखवणारी कागदी पट्टीच हवी. रस थोडा गार करून त्यात पट्टी बुडवली की काही क्षणांत उत्तर मिळतं.

ही तपासणी चुकली की काळवंडलेला गूळ पिवळा दिसावा म्हणून हायड्रॉस हे विरंजक रसायन काहिलीत येतं, याचं मला खरं दुःख आहे. ते रंग तेवढा उडवतं. फुटलेली साखर सांधत नाही, गंधकाचा अंश मात्र गुळात ठेवतं, आणि साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतोच. पिवळाधमक गूळ बघून चढा भाव देणारी बाजारपेठ या सवयीला तितकीच जबाबदार आहे. चुना आणि हायड्रॉस दोन्हींना ‘केमिकल’ म्हणून एकाच टोपलीत टाकणारं लेबल गिऱ्हाइकाला काहीच सांगत नाही. हायड्रॉस घातलं की नाही आणि रसाचा सामू किती राखला होता, एवढ्या दोन गोष्टी त्यावर छापल्या तर तपकिरी ढेपेचीही किंमत करता येईल.