सुरांना मुदतठेव नसते

मध्यमवर्गीय घराच्या अंदाजपत्रकात संगीताला शेवटची ओळ मिळते. आधी फी, मग हप्ते, मग औषधं. सूर उरल्यासुरल्या पैशांत. बँकेत हिशेब तपासण्यात हयात गेल्यामुळे असेल, पण स्वतः स्पीकर बनवण्याचा उद्योग मला पटला. यात पैसा आवाजावर खर्च होतो, दिखाव्यावर नाही.

खोकं मात्र शोभेचं नव्हे. स्पीकरचा पडदा पुढची हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो. या दोन लाटा भेटल्या की खर्ज विरून जातो. मागची लाट कोंडण्यासाठी खोकं! ते किती लिटरचं हवं, याचं गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं. रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ते पुढे नेलं. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटा स्पीकर घेताना त्याच्या आकड्यांचा कागद आधी मागावा.

सुताराकडून १८ मिलिमीटरचं एमडीएफ कापून घ्यावं, फटी गोंदानं बुजवाव्यात. आठ ओहमच्या ट्वीटरला ६.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, की साधारण ३ हजार हर्ट्झखालचे सूर अडू लागतात आणि तो नाजूक जीव वाचतो.

‘पुढे बघू’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: वयाबरोबर कान आधी वरचे सूर गमावतात. नातीला ऐकू येणारा झांजेचा शेवटचा किणकिणाट मला आता येत नाही. पैसा साठवता येतो, कान नाही.